अक्काचा शक

अक्काच्या ओट्यावर कुणी माणूस चढला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, तोंडाकडे नंतर. "जळगावहून थेट येतोय," असं सांगणाऱ्याच्या चपलेला बागेतला ओला गारा, म्हणजे चिखल, लागलेला दिसला, तर पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून ती जळगावला जयगाव म्हणत विचारायची, "जयगावच्या डांबरी सडकावर आताशी गारा होते का रे भाऊ?" मग तो माणूस कुणाच्या बागेत शिरला होता, कशासाठी शिरला होता, कुणाला भेटला होता, हे सगळं बाहेर आल्यावरच तांब्या त्याच्या हातात जायचा. तोवर तहानेनं त्याचा जीव गेला तरी चालेल.

अक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. नात्यानं मावशी, पण सगळं गाव अक्का म्हणायचं म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. माघारी तिला 'फौजदार' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. "फौजदाराले पगार तरी असते," ती म्हणायची, "मी फुकट करते."

मुक्ताईनगरकडून पूर्णेच्या काठानं खाली गेलं की तिचं गाव. तिथे तिची केळीची बाग होती, घर होतं आणि काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मागे राहिलेली एक जुनी पिकअप गाडी होती. मूलबाळ नव्हतं. काका गेले तेव्हा अक्का पस्तिशीचीही नसेल. माझी आई सांगायची, की तेराव्यापर्यंत घरात गोड बोलणाऱ्यांची रीघ लागली होती. कुणी म्हणे बाग मी बघतो, कुणी म्हणे गाडी मी चालवतो, तू आपली देवाचं नाव घे. अक्कानं सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं ऐकलं आणि कुणाच्याच हातात काही दिलं नाही. आई म्हणायची, "तिनं तेव्हा शक धरला नसता, तर आज ती दुसऱ्याच्या बागेत घड तोडत असती." त्यामुळे अक्काच्या संशयी स्वभावाला आमच्या घरात कुणी हसलं, तरी नावं ठेवत नसे.

माझ्या लग्नाच्या वेळची गोष्ट तर अजून आमच्या घरी निघते. धुळ्याचं स्थळ होतं. मुलगा बघून गेला, सगळ्यांना पसंत पडला. दोन-तीन दिवसांनी अक्का कुणाला न सांगता एसटीनं धुळ्याला गेली, मुलाची गल्ली शोधून काढली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याजवळ जाऊन बसली. "शेजारीपाजारी चांगलंच सांगते," असं तिचं म्हणणं, "पन इस्त्रीवाल्याले खिसे माहीत असते." तिनं त्याला विचारलं, ह्या पोराच्या शर्टाच्या खिशात तुला काय सापडतं? तंबाखूचा भुगा? कुणाचे फोटो? इस्त्रीवाला म्हणाला, बसची तिकिटं आणि पेपरमिंटच्या गोळ्या. अक्का परत आली आणि आईला म्हणाली, "पोराचे दात लवकर खराब होतीन. बाकी काही नही. देऊन टाक." माझ्या नवऱ्याची आता एक दाढ काढलेली आहे आणि ती काढली त्या दिवशीही त्याला अक्काचीच आठवण आली.

तिचे सगळे शक खरे ठरत असं मात्र मुळीच नाही. एकदा तिच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या रोज कुठे ना कुठे तुटलेल्या सापडायला लागल्या. शेजारच्या शेतातल्या दामूनानांशी तिचं बांधावरून जुनं वाकडं होतं, तेव्हा हे काम त्यांचंच, असं तिनं ठरवून टाकलं. सकाळपासून ती केळीच्या आड दबा धरून बसली. दुपारी उन्हाच्या वेळी एक खार आली, नळीवर बसली आणि पाण्यासाठी तिनं नळी कुरतडायला सुरुवात केली. अक्का उठली ती तडक दामूनानांच्या घरी गेली. घरात पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "नाना, मी चार ठिकानी तुमचं नाव घेतलं. नळ्या खारीनं तोडल्या. आता त्या चारी घरी जाऊन सांगते." आणि खरंच चारही घरी जाऊन सांगून आली. नाना पुढे कितीतरी दिवस म्हणायचे, की त्या बाईनं मला चोर म्हटलं त्याचं काही वाटलं नाही, पण पाहुण्यांसमोर खारीबरोबर बसवलं!

"शक घ्यावा, राग धरू नही," हे तिचं नेहमीचं वाक्य. शक फिटतो, राग फिटत नाही, असा त्याचा तिनं एकदा मला अर्थ सांगितला होता.

गाडीवर सुकदेव नावाचा ड्रायव्हर होता. चाळिशीचा, अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. तो बागेतून केळीचे घड भरायचा आणि पहाटे निघून धुळ्याच्या फळबाजारात नेऊन टाकायचा. धुळ्यात माल उतरवला की कधी कधी माझ्या दारावरून जाताना हॉर्न द्यायचा, अक्कानं दिलेली शेवग्याच्या शेंगांची जुडी नाहीतर भरताची वांगी हातात ठेवायचा आणि निघून जायचा. ऐन तारुण्यात तो पीत असे. मुलगी झाली तशी त्यानं बाटली सोडली, ती कायमची. पण गावाचं असं असतं, की माणूस पिणं सोडतो, गाव त्याचं पिणं सोडत नाही.

एका वर्षी दिवाळी झाली आणि सुकदेवनं डोकं दुखण्याची तक्रार सुरू केली. गाडी चालवताना डोकं जड होतं, मळमळतं, झापड येते. धुराचा वासही येतो, असं तो म्हणायचा. अक्काचा पहिला शक अर्थातच त्याच्यावर. गाडी निघायच्या आधी ती कॅबिनजवळ जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "हां कर." सुकदेव लहान मुलासारखा तोंड उघडून तिच्या तोंडावर श्वास सोडायचा. ती वास घ्यायची. कांद्याचा यायचा, चहाचा यायचा, दारूचा कधी आला नाही. म्हणून मग तिला वाटलं, की हा गोळ्या खात असेल. सीटखाली, समोरच्या कप्प्यात, ताडपत्रीच्या घडीत तिनं शोधलं. काही नाही. त्याच्या बायकोला, मंगलाला बोलावून खोदून खोदून विचारलं. मंगला रडायला लागली. म्हणाली, "अक्का, घरी ते चांगले असते. गाडीवर गेले का त्यायले काय होते, काय मालूम!"

गाडी भुसावळला एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, रेस दिली, कान लावला. गाडी अगदी शहाण्यासारखी गुरगुरत राहिली. ना कुठे धूर, ना आवाज. "जुनी गाडी आहे, थोडाफार वास यायचाच," तो म्हणाला आणि सुकदेवकडे बघून अक्काला बाजूला घेऊन हळूच काही बोलला. काय बोलला ते अक्कानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्या खेपेला त्यानं मागचा सायलेन्सरच बदलून टाकला. तरी डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं.

मग पारोळ्याच्या अलीकडे तो प्रकार घडला. सकाळची वेळ होती. भरलेली गाडी हळूहळू रस्ता सोडून खाली उतरली आणि एका शेताच्या कुंपणाच्या ताटीला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. पण सुकदेव दार उघडून बाहेर आला तो झुलतच. गाडीला धरून उभा राहिला, ओकला आणि खाली बसला. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या कुणीतरी ते सगळं मोबाईलवर उतरवलं. दुपारपर्यंत ते चित्रण आमच्या धुळ्याच्या घरी येऊन पोचलं होतं, तर गावाची काय कथा. अक्काचा पुतण्या प्रकाश, त्याच्याही मोबाईलवर ते आलं होतं, त्यानं ते गावातल्या प्रत्येकाला पाठवलं होतं. प्रकाशचा काही दुष्टावा नव्हता. काकू म्हातारी होत चालली, जुनी गाडी आणि पिणारा ड्रायव्हर, उद्या कुणाचा जीव जाईल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मी रविवारी गावी गेले तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. सुकदेव खाली अंगणात चवड्यावर बसला होता. प्रकाश म्हणाला, "काकू, पुरे झालं. ह्याला काढ आणि गाडी विकून टाक." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सुकदेवनं एकदाच वर बघून सांगितलं, "मी पेलो नही." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी ते चित्रण पाहिलेलं होतं, त्यापुढे त्याच्या शब्दाला काय किंमत?

अक्काची नजर सुकदेवच्या पायांवर होती. मग तिनं विचारलं, "येताना तुले कधी असं झालं का रे?"

"येताना? नही अक्का. येताना रिकामी गाडी असते, मी गाणे म्हनत येतो."

"एकदा बी नही?"

"देवाची आन."

अक्का प्रकाशकडे वळली. "पेनारा मानूस जाताना पेत नही," ती म्हणाली. "जाताना त्याले मालाची फिकर असते. माल उतरला, खिसा गरम झाला, का मंग येताना पेते. हे मले कोनी शिकवाले नही लागत."

काकांच्या पिण्याबद्दल ती कधी काही बोलली नव्हती. त्या दिवशीही त्यापुढे बोलली नाही. पण ओट्यावरच्या म्हाताऱ्या माणसांतल्या एकानं उगाचच धोतराचा सोगा झटकला.

"हा जाताना झुलते आन् येताना गाने म्हनते," अक्का पुढे म्हणाली. "म्हंजे ह्याच्यात खोट असंल तर उलटी खोट हाये. आन् गाडी? गाडी गॅरेजमंधी आपन रिकामी नेतो. लबाड मानूस फौजदारासमोर रिकाम्या हातानंच जाते. आता भरली गाडी नेऊ. मी सोता बसते."

प्रकाश पुष्कळ बोलला. अक्कानं ऐकलं नाही. मला म्हणाली, "तुह्या धुयाले कोनी मिस्तरी असंल तर पाहून ठेव. लई गोड बोलनारा नको."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. सुकदेव, त्याच्या शेजारी गिअरपाशी अक्का, खिडकीशी मी. मागे हौद्यात केळीचे घड, वर ताडपत्री. थंडी मी म्हणत होती. मी काच जरा खाली केली तर अक्का म्हणाली, "वर कर. तो रोज कसा जाते तसंच जावाचं." निघायच्या आधी तिनं "हां कर" सुद्धा म्हणून घेतलं होतं. मला खरं तर हसू येत होतं. वरणगाव गेलं, भुसावळ गेलं, जळगाव गेलं. गाडी नीट चालली होती. सुकदेव नीट चालवत होता. अक्का कधी त्याच्या डोळ्यांकडे, कधी पायांपाशी, कधी माझ्याकडेही बघत होती, जणू कॅबिनमधल्या सगळ्यांवरच तिचा शक होता.

एरंडोलच्या अलीकडे रस्ता चढाला लागला. सुकदेवनं गिअर टाकला, गाडीनं जोर धरला आणि पायाखालून एक आवाज यायला लागला. फट् फट् असा, ओलं फडकं झटकल्यासारखा. चढ संपला की आवाज बंद. पुन्हा चढ, पुन्हा आवाज. मला कपाळात ठणका जाणवायला लागला होता, पण मला वाटलं पहाटे उठल्यामुळे असेल. इतक्यात अक्का वाकली, तिनं पायाखालच्या मॅटवर तळहात ठेवला आणि तसाच तिथे धरून राहिली. तिचे डोळे लाल झाले होते, त्यांतून पाणी वाहत होतं.

"थांबव," ती म्हणाली. "थांबव आधी. काचा उघडा."

रस्त्याच्या कडेला उतरलो तेव्हा माझेही पाय लटपटत होते. अक्का एका दगडावर बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. "धूर हाये," ती म्हणाली. "करपट. घशाले लागते."

सुकदेव तिच्यासमोर उभा होता. "अक्का, तुमाले बी वास आला?" त्यानं विचारलं. आणि तिनं मान हलवल्यावर तो माणूस रस्त्याच्या कडेला खाली बसून दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागला. ट्रक जात होते, एसट्या जात होत्या. दिवाळीपासून तो सगळ्यांना एकच गोष्ट सांगत होता आणि ती दुसऱ्या कुणालातरी आज पहिल्यांदा जाणवली होती. अक्कानं त्याला रडू दिलं. समजूत काढायची तिची पद्धत नव्हती.

पुढचा सगळा रस्ता काचा खाली करून, कुडकुडत, डोक्याला मफलर गुंडाळून गेलो.

धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूला माझ्या नवऱ्याच्या ओळखीचं एक गॅरेज होतं, तोही तिथे येऊन थांबला होता. बापू मिस्तरी तिथले मालक. पोट सुटलेले, खडूस आणि सकाळी सकाळी भरलेली गाडी दारात बघून आणखीच खडूस झालेले. त्यांनी गाडी जागेवर सुरू करायला लावली. सायलेन्सरच्या टोकाला फडकं दाबून धरलं, की कुठे फूट असेल तर धूर तिथून जोरानं निघेल. वाकून ऐकलं. काही नाही. गाडी पुन्हा तशीच शहाणी.

"काहीच नही शे गाडीमा," बापू आपल्या अहिराणीत म्हणाले. "बठ्ठा माल उतारी या, मंग निवांत देखू."

"माल नही उतरवनार," अक्का म्हणाली. "माल उतरवला का हे गाडी साधू बनते."

"आक्का, गाडी मी देखस का तुम्ही?"

"तुम्ही पाहा. मी तुमच्याकडे पाहते."

बापूंनी माझ्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्यानं लगेच चहा आणायच्या निमित्तानं तिथून पाय काढला. पण ते चिडून का होईना, कामाला लागले. इंजिनातून निघालेला धुराचा पाइप जिथे खालच्या पाइपाला मिळतो, त्या जोडावर त्यांनी साबणाचं पाणी ओतलं. चाकांना दगड लावले. सुकदेवला म्हणाले, ब्रेक दाबून धर, गिअर टाक आणि क्लच जरासा सोड, गाडीला वाटलं पाहिजे की आपण चढावर आहोत. अक्का गाडीच्या बाजूला उकिडवी बसून खाली बघत होती. मी मोबाईल काढून तेच उतरवत होते.

सुकदेवनं क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं आणि गोठ्यात झोपलेलं जनावर कूस बदलतं तसं एका अंगावर कलंडलं. त्याबरोबर त्या जोडातून फट् फट् करून धूर बाहेर आला आणि साबणाचे हे एवढाले फुगे उडाले. क्लच दाबला, इंजिन जागेवर आलं, जोड मिटला, फुगे बंद.

बापूंचा चेहरा बदलला. त्यांनी ते पुन्हा करायला लावलं. मग बॅटरी पेटवून गाडीखाली गेले. "इंजिनना फाउंडेशननं रबर फाटेल शे," खालून त्यांचा आवाज आला. "जोर लागना का इंजिन कलंडस, पाइप वढास, आन् जोड उघडस. रिकामी गाडीले जोरच लागस नही, मंग काय दिसी?" बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना काजळी लागली होती. ती बोटं अक्कासमोर धरून ते म्हणाले, "आठेच, या जोडमाच व्हता चोर."

मला वाटलं, झालं. पण अक्काचं समाधान झालं नव्हतं. "धूर खाली निंगते," ती म्हणाली. "मंग वर कसा येते?"

बापूंनी कॅबिनमधलं रबरी मॅट वर उचललं. खालच्या पत्र्याला बोट जाईल एवढाली भोकं होती आणि भोकांभोवती काजळीची वर्तुळं. गंजानं पडलेली भोकं नव्हती ती, नीट यंत्रानं पाडलेली होती. "हाई कोनी कयं?" बापू म्हणाले.

सुकदेव दुसरीकडे बघायला लागला. त्याला ठाऊक होतं. अक्कालाही ठाऊक होतं. सुकदेव नवीन लागला तेव्हा, हा जॅक आणि पाने विकून दारू पिईल, असा तिला शक होता. म्हणून तिनं एक लोखंडी पेटी करवून घेतली होती आणि कुणी उचलून नेऊ नये म्हणून ती कॅबिनच्या पत्र्याला बोल्टांनी आवळून टाकली होती. किल्ली तिच्या कमरेला. पुढे सुकदेववर भरवसा बसला तशी तिनं पेटी काढून टाकली. भोकं कुणी बुजवली नाहीत, वर मॅट टाकलं.

"मी पाडले," अक्का बापूंना म्हणाली. मग सुकदेवकडे वळून, तशाच आवाजात, "तुह्यावर शक होता म्हून पाडले. आन् त्याच भोकातून तुले ह्यो धूर पाजला."

"असू द्या अक्का," सुकदेव म्हणाला. "तुमाले काय मालूम?"

"मालूम नव्हतं हेच सांगून राह्यली."

त्यानंतर ती गॅरेजच्या दारात एका उलट्या डब्यावर जाऊन बसली. नवऱ्यानं आणलेला चहा तिच्या हातात गार होत राहिला. आयुष्यभर दुसऱ्याच्या चपलांचा गारा बघणारी ती बाई त्या वेळी स्वतःच्या पायांकडे बघत होती आणि तिला काय वाटत असेल, हे मला विचारायचं धाडस झालं नाही.

रबर बदललं, जोडाला नवीन पॅकिंग बसवलं, पत्र्याची भोकं बापूंनी तिच्यासमोर वेल्डिंगचा डाग देऊन बुजवली. माल बाजारात गेला. तोवर काही घड पिवळे पडायला लागले होते, पण त्याबद्दल अक्का चकार शब्द बोलली नाही.

गावी परतल्यावर तिनं प्रकाशला बोलावलं आणि मी काढलेलं ते साबणाच्या फुग्यांचं चित्रण त्याला दिलं. "पहिलं ज्याले ज्याले धाडलं, त्याले त्याले हे बी धाड," ती म्हणाली. प्रकाशनं पाठवलं. तेवढ्यावर न थांबता तिनं ओट्यावर माणसं बोलावली आणि पेटीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. भोकं मी पाडली, हे वाक्य तिनं दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळेला मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं.

म्हणून तिचा स्वभाव बदलला असं कुणी समजू नये. पुढच्याच आठवड्यात बापूंनी बसवलेलं रबर नवीन होतं की जुनंच धुऊन बसवलं, याचा तिला शक आला आणि तिनं मला गॅरेजात पाठवून फाटकं रबर मागवून घेतलं. मलाही ती शेवटपर्यंत फोनवर विचारायची, "आवाज बसका काहून? घरी काही झालं का?" बहुतेक वेळा काही झालेलं नसायचं. एक-दोनदा झालेलं होतं आणि ते तिच्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या सुमारास अक्का गेली. आजार थोडाच झाला. जळगावच्या दवाखान्यात तिनं नर्सला प्रत्येक सुईबद्दल विचारून विचारून हैराण केलं आणि एका सकाळी विचारायची थांबली.

दहाव्याला पूर्णेच्या काठावर भावकी जमली. क्रियेला प्रकाश बसला होता. आम्ही बायका जरा अलीकडे, बाभळीच्या सावलीत होतो. केस उतरवायला भावकीतले पुरुष ओळीनं बसले, तेव्हा सुकदेव टोपी हातात घेऊन आला आणि त्या ओळीच्या शेवटी बसला. प्रकाशच्या सासरचे एक वयस्क पाहुणे होते, त्यांना हे नवीन होतं. त्यांनी विचारलं, "हे कोण? भावकीतले का?"

सुकदेवनं मान वर केली.

"मी अक्काचा डायवर," तो म्हणाला. "सगये मले दारुड्या म्हने आन् आपल्या घरी जाये. तिले बी शक होता. पन ती घरी नही गेली. तपासत राह्यली."

प्रकाश ओळीच्या पुढच्या टोकाला बसला होता. तो जरा सरकला, शेजारची वाळू हातानं सारखी केली आणि म्हणाला, "सुकदेवभाऊ, तिकडे कुठं बसला? इथं ये."

सुकदेव उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. न्हाव्यानं आधी प्रकाशच्या डोक्याला पाणी लावलं, मग सुकदेवच्या.